मूठ काढा

माझी पहिली सुरी विकली गेली, हे कळलं की लोक "अय्या, किती छान!" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. छान वगैरे काही नव्हतं. त्या एका सुरीपायी मी महिनाभर नीट झोपले नाही, नवऱ्याशी भांडले, मुलीला नको ते बोलले, आणि शेवटी ती घेणारी भेटली ती अशी, की तिच्या दारातून मी जवळजवळ पाय आपटत परत निघाले होते.

मी हैदराबादेत विजेच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्या तोंडावर ओरडतात. तेलुगूत ओरडतात, उर्दूत ओरडतात, कधीमधी आपल्या मराठीतही. बिल वाढलं की दोष माझा, लाइट गेली की दोष माझाच. मला मात्र उलट ओरडायची सोय नाही. मग तो सगळा राग मी घरी आणायचे आणि ज्वारीच्या पिठावर काढायचे. भाकऱ्या झकास व्हायच्या, पण नवरा आणि मुलगी जेवताना मान वर करत नसत. एकदा मोबाइलवर कुणीतरी तापलेलं लोखंड बडवताना पाहिलं आणि मनात म्हटलं, अगं बाई, हे तर माझं काम आहे.

आमची बिल्डिंग नल्लकुंट्यातली, जुनी. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे मी भट्टी मांडली. भट्टी म्हणजे काय, तर पत्र्याचा डबा, आतून माती आणि विटा, आणि वारा घालायला मुलीचा जुना हेअर ड्रायर. मलकपेठच्या भंगारवाल्याकडून रुळाचा एक तुकडा आणला, ती झाली ऐरण. पात्यासाठी ट्रकचा मोडका कमानपाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, आणला. भंगारवाल्यानं विचारलं, "अम्मा, घर में ट्रक है क्या?" मी म्हटलं, "हौ, टाकीच्या मागं उभा आहे." नांदेडहून आईचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "पोरींच्या हातात पेन यावा म्हणून तुझ्या बापानं गाव सोडलं, आन् तू पन्नाशीला हातोडा धरलास? काहून गं?" तिला काय सांगणार? खिडकीवर मला कोणी काही म्हटलं तर गिळावं लागतं, आणि गच्चीवर मी घाव घातला की लोखंड सरकतं. एवढंच होतं. पण माझ्यासाठी ते फार होतं.

आधीची दोन पाती वाया गेली. लाल झालेलं पातं तेलात बुडवतात ना, त्याला बुडवायचं तेलात असलं तरी "पाणी देणं"च म्हणतात. तर पहिल्याला पाणी देताना ते टण्णकन चिरलं. दुसरं पापडासारखं वाकलं. तिसरं मात्र टिकलं. त्याला मी कानस मारली, दगडावर धार लावली, आणि मग मूठ. काय सांगू त्या मुठीचं! जुन्या पलंगाच्या पायाचं शिसव होतं. ते कापून, तासून, पॉलिश पेपरनं घासून घासून असं केलं की हातात घेतली की बोटं आपोआप जागेवर बसावीत. पितळेच्या रिपिटांनी, म्हणजे आरपार खिळ्यांनी, ती पात्याच्या मागच्या पट्टीवर पक्की ठोकली. तेल पाजलं. खरं सांगते, पात्यापेक्षा माझा जीव त्या मुठीत होता. नवऱ्याला दाखवली तर म्हणाला, "छान आहे गं, पण सांभाळून ठेव हं, हाताला लागेल कुणाच्या." या माणसाला मी काय करू?

तोवर बिल्डिंगमध्ये कुरकुर सुरू झाली होती. ठोकठोक होते, धूर येतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. असोसिएशनची मीटिंग बोलावली. सेक्रेटरी म्हणजे एक रिटायर्ड तेलुगू गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच राग येतो. ते म्हणाले, "मॅडम, आपके टाइमपास के वास्ते पूरी बिल्डिंग को तकलीफ क्यूं?"

टाइमपास! तो शब्द माझ्या कानात शिरला आणि मस्तकात गेला. मी उभी राहिले आणि बोलून बसले, "टाइमपास नक्को बोलो! विकून दाखवते. या महिन्याच्या आत एखाद्या परक्या माणसानं पैसे मोजून माझी सुरी नेली नाही, तर भट्टी मी माझ्या हातानं फोडते."

"ओके," सेक्रेटरी म्हणाले. "लेकिन रिश्तेदार नहीं चलेगा." माझ्या नवऱ्यानं खाली बघून कपाळ चोळलं. मीटिंग संपली. लोक म्हणतात ना, जिभेला हाड नसतं. आता भट्टी गेली तर मी परत भाकरीच्या पिठावर येणार, आणि घरातली दोघं परत मान खाली घालून जेवणार. मला ते नको होतं. कुठल्याही परिस्थितीत नको होतं.

ऑफिसात सुरी घेऊन गेले. एक बाई म्हणाल्या, बाजारात याच्यापेक्षा चकचकीत मिळते, प्लास्टिकच्या मुठीची, गंजत पण नाही. शेजारच्या टेबलावरच्यांना घ्यायची होती, पण शोकेसमध्ये ठेवायला, आणि पात्यावर स्वतःचं नाव कोरून हवं होतं. मी म्हटलं, शोकेसमध्ये तुम्हीच बसा. दिलसुखनगरला एका मेसच्या आचाऱ्याला दाखवायला गेले. त्यानं सुरी हातात घेतली, इकडून तिकडून पाहिली, मान डोलावली. मला वाटलं, जमलं. त्यानं मसाल्याचं पाकीट उचललं, सुरीनं कोपरा फाडला, आणि सुरी मला परत दिली. "अच्छी है," म्हणाला. माझ्या चुलतबहिणीची घ्यायची तयारी होती, पण ती पडली नात्यातली. नवरा एका संध्याकाळी हळूच म्हणाला, "माझ्या ऑफिसातल्या कुणाला तरी मी पैसे देतो, तो तुझ्याकडून घेईल. कुणाला कळणार आहे?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो चहा करायला उठला.

शेवटी मुलीला म्हटलं, बाई, मोबाइलवर काहीतरी टाक. ती कॉलेजात जाते, इंग्रजी फाडफाड, मराठी वाचायचं म्हटलं की जोडाक्षरापाशी अडखळते. ती लिहायला बसली आणि "नाइफ" लिहिलं. मी म्हटलं, नाइफ नको. "बरं, चाकू?" म्हटलं, अजिबात नको. चाकू खिशात असतो, मारामारीला. ही घरातली वस्तू आहे, हिला सुरी म्हणतात. सुरीच लिही. आपला शब्द आहे, लाज कसली? तिनं खांदे उडवले आणि बाकी सगळं इंग्रजीत लिहून मध्ये इंग्रजी अक्षरांत सुरी टाकलं. फोटो नंतर लावते म्हणाली आणि विसरली. आमच्या भागातल्या दोन-चार ग्रुपांवर ते गेलं.

आता मला सांगा, आयुष्य हैदराबादेत गेलं आणि माझ्या डोक्यात येऊ नये? सूरी हे तेलुगूत पुरुषाला हाक मारायचं नाव. गल्लीत चार हाका मारल्या तर एक सूरी ओ देईल. मग त्या सगळ्या तेलुगू मंडळींनी ते वाचलं ते असं: हातानं घडवलेला सूरी विकणे आहे. अतिशय तीक्ष्ण. स्वयंपाकघरात उपयोगी.

झालं. लोकांना काय, आयतं सापडलं. "शाकाहारी आहे का?" "भांडी पण घासतो का?" "वापरलेला आहे की नवा?" आणि कहर म्हणजे आमच्या सेक्रेटरींना घरात याच नावानं हाक मारतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या बायकोनं लिहिलं, "आमच्याकडचा न्या. फुकट." त्यावर हसून लोळणाऱ्या तोंडांची रांगच रांग. ते एकाकडून दुसऱ्याकडे, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर पळत सुटलं. मी मुलीवर ओरडले. ती म्हणाली, "मम्मी, सुरीच लिही कोण म्हणालं होतं?" खरं होतं, म्हणून अजून मोठ्यानं ओरडले. महिना संपत आला होता. माझ्या भट्टीचं हसं झालं होतं, आणि आता ती फोडायला लागणार म्हणून मला रडू येत होतं, आणि रडताना कोणी पाहिलं तर त्याचाही राग आला असता.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बाईचा आवाज, जाडसर, शब्द थोडे घसरणारे. "ते सुरीचं तुमचंच का? सुरी म्हणजे आपली सुरीच ना? पोरं फिदीफिदी हसायलीत इथं, मला काही समजेना."

"हो, आपली सुरीच," मी म्हटलं. इतक्या लोकांत एका माणसानं तो शब्द वाचावा तसा वाचला होता. "धार कशी आहे?" त्यांनी विचारलं. "येऊन दाखवते," मी म्हटलं.

त्या मलकपेठेत राहायच्या. मूळच्या परभणीकडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. मुलगा-सून खालच्या मजल्यावर, या वर एकट्या. मी गेले तेव्हा टेबलापाशी खुर्चीवर बसल्या होत्या, अंगावर शाल. चहाचं विचारलं नाही, पाण्याचं नाही. "दाखवा," म्हणाल्या. मी फडक्यातून सुरी काढून समोर ठेवली. त्यांनी मुठीकडे पाहिलंसुद्धा नाही. उजव्या हाताचा अंगठा धारेवर आडवा फिरवला. मग टेबलावरचा एक टोमॅटो धारेला नुसता टेकवला. साल फाकली.

"पातं छान आहे," त्या म्हणाल्या. "मूठ काढा."

"काय?"

"मूठ काढा. लाकडात उभं बसवून द्या, धार माझ्याकडं. मला विळी पाहिजे."

मला आधी वाटलं, माझी थट्टा चालली आहे. मग कळलं, नाही, बाई गंभीर आहेत. माझी कानशिलं तापली. म्हटलं, "मावशी, ही सुरी आहे. विळी पाहिजे तर बाजारात ढीग पडलाय."

"आणून पाहिल्या. पत्र्याच्या मेल्या. दाबावं लागतं. दाबलं की टमाटं पळतं."

"पण मूठ मी इतक्या मेहनतीनं..."

"असेल. मला काय करायची?"

मी सुरी उचलली. फडक्यात गुंडाळायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हातानं नीट केलं, आणि गिऱ्हाईक मिळालं तर असलं. मी म्हटलं, "तुम्हाला सुरीची पारख नाही मावशी, माफ करा," आणि दाराकडे वळले.

"अहो बाई, रागावू नका, इकडं बघा," त्या म्हणाल्या. त्यांनी उजव्या हातानं शालीतून डावा हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. एखादी पिशवी उचलून ठेवावी तसा. तो तिथेच पडून राहिला. "सुरीला दोन हात लागतात. एक कापायला, एक भाजी धरायला. हा गेला लकव्याच्या झटक्यात. आता भाजी कोण धरणार?"

मला त्यांची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी रागच आला, की आता नाही म्हणायची सोयच राहिली नाही. मग माझी मला लाज वाटली. मी विचारलं, "खाली बसता येतं का?" त्या म्हणाल्या, "बसलं तर उठवायला चार माणसं लागतात. इथं टेबलालाच लावून द्या." मी टेबलाची कड हातानं चाचपली, जाडी पाहिली, आणि सुरी घेऊन घरी आले.

गच्चीवर बसून मी माझ्या हातानं पितळेच्या रिपिटा ड्रिलनं उडवल्या. शिव्या देत होते. कुणाला ते माहीत नाही. शिसवाच्या दोन फाका निघून हातात आल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. पात्याचं टोक घासून गोल केलं, नाहीतर वाकल्यावर त्यांच्या डोळ्यात जायचं. बाभळीच्या ठोकळ्यात खाच पाडली, रिपिटांच्याच भोकांतून बोल्ट घालून पातं उभं केलं, आणि ठोकळा टेबलाला आवळायला सुताराकडचे दोन शिकंजे घेतले. नवरा वर आला, बघत उभा राहिला, आणि म्हणाला, "अगं, पण मग याला सुरी विकली असं म्हणायचं का?" हा माणूस वर्षातून एकदा मुद्द्याचं बोलतो, आणि ते नेमकं नको तेव्हा.

रविवारी ठोकळा फडक्यात बांधून निघाले, तर जिन्यातच सेक्रेटरी. त्यांनी विचारलं, मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, ये चाकू नहीं है. ये तो कत्तिपीट है." तेलुगूत विळीला कत्तिपीट म्हणतात. "आपने बोला था चाकू बिकेगा. ये तो आपने चाकू तोड़ दिया."

खरं होतं. मी मोडलीच होती. पण ते त्यांच्या तोंडून ऐकून घेणं माझ्यानं झालं नाही. मी म्हटलं, "चला माझ्यासोबत. ज्यांनी घेतलीय त्यांना तोंडावर सांगा, तुमची खरेदी मोजायची नाही म्हणून. त्यांनी मान्य केलं तर भट्टी आज फोडते." मला वाटलं, कटतील. पण तेही हट्टी. "चलो," म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली आणायला गेले. मलकपेठेपर्यंत आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. मागं बसून मी ठोकळा पोटाशी धरला होता.

मावशींनी सेक्रेटरींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. यांचं म्हणणं आहे की ही सुरी नाही." "नसू द्या," त्या म्हणाल्या. मी ठोकळा टेबलाच्या कडेला लावून शिकंजे आवळले, हलवून पाहिला. हलला नाही. मावशींनी खुर्ची पुढे ओढली, टोपलीतून एक बटाटा घेतला आणि पात्यावर टेकवून ढकलला.

बटाटा निसटला, टेबलावरून उडाला आणि जमिनीवर गडगडत गेला. "मेल्या," मावशी म्हणाल्या. सेक्रेटरी उचलायला वाकले.

"नक्को! हात लावू नका."

त्या खुर्चीवरून वाकल्या. आधी थोड्या, मग अजून थोड्या. उजवा हात बटाट्यापर्यंत पोचेना. मला पाय उचलून जावं आणि तो बटाटा त्यांच्या हातात कोंबावा असं वाटत होतं. सेक्रेटरी कंबरेत वाकलेले तसेच थांबले होते, त्यांना सरळ व्हायचं सुचेना. शेवटी मावशींची बोटं टेकली. बटाटा घेऊन त्या वर आल्या, धापा टाकत बसल्या. मग पुन्हा पात्याला लावला, या खेपेला तळहातानं नीट दाबून, हळूहळू. दोन फाका झाल्या. एक एकीकडे पडली, एक दुसरीकडे.

मग त्यांनी एक फाक उचलली. तिच्या दोन. मग दुसरी. फोडी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या पडत होत्या. वांगं घेतलं, टोमॅटो घेतला. टोमॅटो पळाला नाही. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे, आणि आम्हाला त्या विसरूनच गेल्या होत्या. मध्येच आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "सून चिरून देते रोज, डबा भरून. चांगली आहे पोरगी, नाव ठेवायला जागा नाही. पण तिनं चिरलं की भाजी तिचीच होते." आणि पुढचं वांगं घेतलं.

वस्तू चांगली झाली का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. एवढा जीव ओतलेला, एक शब्द तरी? नाही. पैसे त्यांनी आधीच टेबलावर ठेवून दिले होते, डब्याखाली. मी ते उचलले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

सेक्रेटरी माझ्याकडे झुकले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, भट्टी मत तोड़ो. बस दोपहर को नक्को, मेरी अम्मा सोती."

"काय कुजबुजताय तिथं?" मावशी म्हणाल्या. "झालं ना बघून? जा आता. मला स्वयंपाक करायचाय."